संकट झेलणाऱ्या मासोळ्या

वडनेर भोलजीच्या वामनरावांनी बैठकीत काचेची टाकी आणली ती काही मासोळ्यांच्या हौसेनं नव्हे. कुण्या वास्तुवाल्यानं त्यांना सांगितलं होतं, ईशान्येला आठ सोनेरी आणि एक काळी मासोळी ठेवा. घरावर येणारं संकट मासोळी अंगावर घेते आणि मरते. कपाशीच्या बियाण्याचं पाकीट दहादा उलटंपालटं करणारा हा माणूस एवढी मोठी थाप मात्र एका चहासोबत गिळून आला.

काळी मासोळी सगळ्यात शेवटी, डिसेंबरात आली. नव्या ट्रॅक्टरला ओवाळतात तसं वामनरावांच्या पत्नी तानुबाईंनी तिच्या पिशवीला ओवाळलं, कुंकू लावलं.

"मामाजी, पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवू तिला," सून पुष्पांजली म्हणाली.

"लक्ष्मीले कोनी बादलीत ठेवते का?" म्हणत वामनरावांनी दुकानातल्या पाण्यासकट पिशवी टाकीत रिकामी केली. पुष्पांजली प्राणिशास्त्राची पदवीधर. ती पदवी त्यांनी लग्नपत्रिकेत ठळक अक्षरांत छापून घेतली होती. त्यानंतर मात्र तिची गरज त्यांना कधी पडली नाही.

आठ दिवसांत मासोळ्यांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे कण दिसू लागले. त्या तळाच्या गोट्यांवर अंग घासू लागल्या. पहिली मेली तेव्हा वामनराव चक्क खूश झाले. "गोपालचा अपघात टळला!" त्यांचा मुलगा गोपाल त्या दिवशी गाडीवर बसलाच नव्हता. म्हणूनच तर टळला! दुसरी मेली, तानुबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन टळलं. तानुबाई बिचाऱ्या लंगडत लंगडत टाकीत अंगारा टाकायला गेल्या.

तिसरी मेली त्या दिवशी साडेतीन वर्षांच्या स्वरदाला ताप होता. आजोबांनी नातीला मांडीवर घेतलं अन् कौतुकानं म्हणाले, "पाह्य, तुह्या बदली गेली ते."

 दुपारी पुष्पांजलीला पोर टाकीपाशी सापडली, काचेला नाक लावून उभी. "मी नाही पडणार आजारी," ती काळ्या मासोळीला सांगत होती. "तू नको मरू हं."

कपाळ अजून गरमच होतं. पुष्पांजलीनं तिला उचललं, घामेजल्या केसांत तोंड खुपसलं आणि तशीच बैठकीच्या दुसऱ्या टोकाला, खुर्च्यांपाशी गेली. तिथं शेजारचे जानराव चहा पीत होते आणि वामनराव त्यांना टळलेली संकटं ऐकवत होते.

"तीन?" जानरावांनी बशी खाली ठेवली. "माया घरच्या टाकीत दोन वर्षांत एकबी नाही मेली. सारे संकटं तुमच्याच घरी काऊन येऊन राह्यले, वामनराव?"

वामनरावांचा चेहरा पडला. हा हिशेब त्यांनी केलाच नव्हता.

"संकट पिशवीतून आलं, काका," पुष्पांजली म्हणाली. "काळ्या मासोळीसंगं. जंतू आहेत ते. मामाजी, आता पोरीच्या माथी एकही मासोळी मारायची नाही. मला टाकी द्या."

जानरावांसमोर काय बोलणार? "कर मंग तुहं शास्तर! पण एक जरी गेली तं तुह्यावर."

कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये, पोरगी निजली की, जमेल तसं तिनं काम केलं. नळीनं तळाची घाण ओढून काढली, थोडं थोडं पाणी बदललं, हीटरनं पाणी हळूहळू तीस अंशांवर नेलं, हवेचं दुसरं यंत्र लावलं, मोजून खडेमीठ विरघळवून थोडं थोडं सोडलं. दुसऱ्या दिवशी चौथी मेली. "हे तुह्या नावावर," वामनराव म्हणाले. या खेपेला कुणाचं काय टळलं, ते सांगायला विसरले.

पाचव्या दिवशी सगळे कण गायब. पुष्पांजली बैठकीत आली तर सासरे हीटरची वायर उपसून उभे. "आंगाऱ्यानं गेलं सारं. काढ आता हे. खारवून खायच्या हायत का मासोळ्या?"

 पुष्पांजली शांतपणे म्हणाली, "मामाजी, गुलाबी अळी बोंडातून खाली पडली की कपाशी सुटली म्हणायचं का?"

"येडी झाली का तू? ते मातीत कोष करते. तिथूनच पाखरू निंगते, मंग दुसरी पिढी..." वामनराव थांबले.

"हे पण तसंच. मासोळीवरून गळून पडले ते गोट्यांत बसलेत. तिथं एकाचे शेकडो होतील अन् पोहत वर येतील. तेव्हाच मिठानं मरतात ते, अंगात शिरले की मग नाही मरत. अजून दहा दिवस तरी लागतील."

वामनरावांनी वायरकडे पाहिलं, मग टाकीकडे. "मले का माहीत नाही?" म्हणत त्यांनी पिन परत खोचली.

पंधराव्या दिवशी टाकीत पाच मासोळ्या फिरत होत्या, काळीसुद्धा. एकीवरही कण नव्हता. वामनराव बैठकीत जानरावांना समजावत होते, "जंतू हो, जानराव! बोंडअळीवानी. सूनबाई घाई करत होती हीटर काढाले, मी म्हटलं, ठेव अजून दहा दिवस. शेतकऱ्याले समजते हे."

"हाव, हाव," जानराव मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले.

पुष्पांजलीनं आतून ऐकलं आणि कणीक मळत राहिली. एवढ्यात टाकीपाशी बसलेली स्वरदा आनंदानं किंचाळली, "आई! काळीनं पोटभर खाल्लं! शी पण केली! एवढी मोठी!"

जानरावांना हसू आवरेना, अन् त्यांच्या बशीतला चहा वामनरावांच्या धोतरावर उडाला.