सत्तेचाळिसाव्या पानावरची कड

चौतीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं वाचते आहे, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पुस्तकाला शुद्धिपत्र लागलेलं नाही. शुद्धिपत्र म्हणजे ती पहिल्या पानावर डकवलेली ओशाळवाणी पट्टी, 'अमुक पानावर अमुकऐवजी तमुक वाचावे' म्हणणारी. दुसऱ्यांच्या पुस्तकात ती दिसली की माझं डोकं सणकतं. प्रूफ वाचणारा काय झोपा काढत होता का? हे मी मालकांसमोरही मोठ्याने म्हणत आले आहे. म्हणजे आले होते, गेल्या महिन्यापर्यंत.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाचं पुस्तक छापायला आलं.

भावाला घरात सगळे बारक्या म्हणतात. अठ्ठावन्न वर्षं सरली, पोट सुटलं, मिशा पांढऱ्या झाल्या, तरी बारक्याच. छापखान्यापासून सात मिनिटांवर त्याचं पंखे आणि मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. दहावीला गणितात दोनदा आपटला आणि शाळा सोडून या धंद्यात शिरला. त्याचं गणित घ्यायचं काम माझ्याकडे असे. मी चार वर्षांनी मोठी, वर्गात पहिली, आणि तोंडाची फटकळ. तो एक पायरी मांडायचा आणि मान वळवून माझ्याकडे बघायचा, "बरोबर आहे ना, ताई?" दुसरी मांडायचा, परत मान वळवायचा. मी त्याच्या हातातली पेन्सिल ओढून घेऊन ती ओळ आडवी कापायचे. "डोकं आहे की खोकं? परत मांड."

तर हा बारक्या गेली सात वर्षं, दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा, विश्वावर पुस्तक लिहीत होता. आपल्याला दिसू शकतं ते विश्व केवढं, त्याची कड कुठे, हे मुलांना समजेल अशा भाषेत. ज्या शाळेत तो आपटला, तिथल्या आताच्या मुख्याध्यापिकाबाई पंखा घेऊन दुकानात आल्या, गप्पा झाल्या, त्या वही वाचायला घेऊन गेल्या. आठवड्याने निरोप आला, की पुस्तक छापा, तीनशे प्रती आम्हाला द्या, आणि तुम्ही स्वतः येऊन मुलांशी बोला. दिवस ठरला शनिवारचा. हे सांगायला तो माझ्याकडे आला तेव्हा दारातच उभा राहिला. "ताई, त्याच शाळेत गं," एवढंच तीनदा म्हणाला.

वही त्याने आधी मलाही देऊ केली होती. "प्रूफ आलं की वाचीन," मी म्हणाले. एकच गोष्ट दोनदा कोण वाचत बसणार? पहिल्याच प्रुफात अर्पणपत्रिका होती: 'ताईस, जिने माझी सगळी गणितं तपासली.' खोटं कशाला बोलू, चांगलीच फुशारले.

आमच्याकडे पुस्तक फर्म्याफर्म्याने होतं. एका मोठ्या कागदावर सोळा पानं, तो एक फर्मा. मोठ्या कामांच्या मधल्या फटीत मालक बारक्याचा एकेक फर्मा बसवत होते. मी वाचायचा, तो छापायचा, की पुढच्याची जुळणी. बारक्याला म्हटलं, तूही एकदा नजर टाक. तर म्हणतो, "तू बघतेयस ना, मग मी कशाला?"

तिसऱ्या फर्म्यात, सत्तेचाळिसाव्या पानावर, वाक्य होतं: 'आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाची कड आपल्यापासून सुमारे साडेसेहेचाळीस अब्ज प्रकाशवर्षं लांब आहे, या कडेपासून त्या कडेपर्यंत त्र्याण्णव अब्ज.'

मी थबकले. बाराव्या पानावर यानेच लिहिलं होतं, की विश्वाचं वय सुमारे पावणेचौदा अब्ज वर्षं. आणि प्रकाशवर्ष म्हणजे उजेड एका वर्षात जेवढा लांब जातो तेवढं अंतर. मग पावणेचौदा अब्ज वर्षं चाललेला उजेड पावणेचौदा अब्ज प्रकाशवर्षंच येणार ना? उरलेली कुठून आणणार, खिशातून? आपटला रे आपटला, मी मनात म्हणाले. आणि खरं सांगते, मला त्याची माया आली. बरं झालं मी आहे, नाहीतर शाळेत शोभा झाली असती. लाल पेनाने साडेसेहेचाळीस कापून पावणेचौदा केलं, त्र्याण्णव कापून साडेसत्तावीस केलं. फर्मा त्याच संध्याकाळी छापून झाला.

सोमवारी चौथा फर्मा टेबलावर आला. एकोणपन्नासावं पान, पहिलीच ओळ:

'आता हुशार वाचक मला अडवेल. विश्वाचं वय पावणेचौदा अब्ज वर्षं, मग कड साडेसेहेचाळीस अब्ज प्रकाशवर्षांवर कशी? अडवायलाच हवं. मीही एक वर्षभर इथेच अडलो होतो.'

पुढची दोन पानं मी तीनदा वाचली. सगळं समजलं असं नाही, पण चूक कोणाची हे लख्ख समजलं.

आणि मग मनात काय आलं तेही सांगते, लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. ही दोन पानं उडवली की कोणाला कळणार होतं? प्रश्नच काढून टाकला की माझं उत्तर बरोबर. बारक्या प्रूफ बघत नाही. मी पेन उघडलं, पहिल्या ओळीवर आडवी रेघ मारलीसुद्धा. ती रेघ बघितली आणि माझीच मला शिसारी आली. पन्नास वर्षांपूर्वीही अश्शीच मारायचे. पेन मिटलं, प्रूफ उचललं आणि भर दुपारी दुकानाची वाट धरली.

बारक्या पंख्याची मोटार भरत होता. एका हाताने यंत्राचा दांडा फिरवायचा, दुसऱ्या हातातून तांब्याची तार सोडायची, आणि ओठातल्या ओठात वेढे मोजायचे. एक वेढा चुकला की पंखा नीट फिरत नाही. त्याने नुसत्या मानेनेच स्टूल दाखवलं.

"बारक्या, हे साडेसेहेचाळीस कसं काय रे?" मी विचारलं.

दांडा थांबला. त्याचा चेहरा असा फुलला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्याने खणातून चड्डीला घालतात तसलं इलॅस्टिक काढलं, पेनाने त्यावर एक ठिपका दिला आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

"तू म्हणजे आपण. हा ठिपका म्हणजे उजेड जिथून निघाला ती जागा. उजेड म्हणजे मुंगी समज. ती ठिपक्यावरून तुझ्याकडे निघाली." एका हाताचं बोट मुंगीसारखं चालवत तो दुसऱ्या हाताने इलॅस्टिक ताणत गेला. "ती चालतेय, आणि तिच्या पायाखालचं इलॅस्टिक ताणलं जातंय. पोचली तुझ्यापर्यंत. ती किती वर्षं चालली? पावणेचौदा अब्ज. पण निघाली ती जागा आता कुठे गेली बघ."

ठिपका पार दुकानाच्या दाराशी, त्याच्या हाताजवळ होता.

"मुंगी आपल्याला सांगते ते ती निघाली तेव्हाचं," तो म्हणाला. "आपण म्हणतो, अच्छा, ते तिथे आहे होय. तिथे नसतंच ते. केव्हाच पुढे गेलेलं असतं."

"आणि कडेच्या पलीकडे?"

"पलीकडेही असंच असणार की. कड म्हणजे भिंत थोडीच आहे? तिकडचा उजेड अजून पोचला नाही इतकंच. थोडा पुढेमागे पोचेल. बराचसा कधीच पोचणार नाही, मध्ये ताणच इतका पडतोय."

मी हातातलं टोक घट्ट धरून बसले होते. "मी ते बदललं रे," मी म्हणाले. "पान सत्तेचाळीस. पावणेचौदा केलं. छापून झालंय."

त्याने इलॅस्टिक हळूहळू सैल सोडलं, गुंडाळलं, खणात ठेवलं.

"तुला वाटलं मी चुकलो."

"हो."

"मग विचारलं का नाहीस? सात मिनिटांवर तर आहे दुकान."

त्याने आवाजही चढवला नाही. चढवला असता तर मी दोन शब्द बोलले असते, मला तेवढंच जमतं. पण याला काय सांगणार? विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, हेच खरं उत्तर होतं, आणि ते त्याला माहीत होतं. तो परत यंत्राशी बसला. दांड्याला हात लावला आणि थांबला. "वेढे विसरलो," म्हणाला. भरलेली सगळी तार उलटी काढून त्याने पहिल्यापासून मोजायला घेतलं. मी उठले.

मालकांनी डोक्याला हात लावला. कागद मोजून आणलेला, नवा मागवायचा तर दहा दिवस, आणि मध्ये शनिवार. राहिलेले फर्मे कसेबसे निघतील, तिसरा पुन्हा निघणार नाही. "पट्टी लावू," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

पट्टीचा मजकूर मी लिहिला. 'पृष्ठ ४७, ओळ ९: पावणेचौदाऐवजी साडेसेहेचाळीस वाचावे. ओळ १०: साडेसत्तावीसऐवजी त्र्याण्णव वाचावे.' वाचून बघितलं तर चूक बारक्याचीच वाटत होती. म्हणून खाली भर घातली: 'लेखकाने बरोबर लिहिले होते. ही चूक मुद्रितशोधकाने, लेखकाला न विचारता केली आहे.' खाली माझं नाव, आणि कंसात 'लेखकाची ताई'.

"अहो, असं कोणी छापतं का?" मालक म्हणाले.

"मी छापते," मी म्हणाले.

शुक्रवारी दुपारी बारक्या छापखान्यात आला. मी एकटीच पट्ट्या डकवत बसले होते. त्याने एक उचलून वाचली, शेवटच्या ओळीवर जरा जास्त वेळ थांबला. "एवढं कशाला गं," म्हणाला, पण खुर्ची ओढून बसला. तीनशे पट्ट्या आम्ही दोघांनी लावल्या. बोलणं म्हणाल तर, "डिंक इकडे सरकव," आणि "तुझी तिरकी लागली बघ." मला त्याच्याकडून अजून काही ऐकायचं होतं. त्याने पुढची पट्टी उचलली.

शनिवारी मी शाळेत शेवटच्या बाकावर जाऊन बसले. वर्ग गच्च भरला होता. बारक्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याला आवाज सापडत नव्हता. दोन वाक्यं बोलून तो अडला. मुलं चुळबुळायला लागली. अडला की तो कोणाकडे बघतो, मला ठाऊक होतं. पण त्याने बघितलं असतं तरी मी त्याला काय देणार होते?

तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली, हातात पुस्तक. "सर, विश्वाचं वय पावणेचौदा अब्ज वर्षं, तर कड साडेसेहेचाळीसवर कशी? या पट्टीतच काहीतरी चुकलंय."

बारक्याने खिशातून इलॅस्टिक काढलं. "शाब्बास," म्हणाला, "हे असं विचारायचं असतं." आणि मग वर्गावरून थेट शेवटच्या बाकाकडे बघून, "ताई, ये गं. हे टोक धर."

सगळ्या वर्गाने माना वळवल्या. पट्टीवरचं नाव वाचता येणारी मुलं होती ती, कोण चाललंय हे त्यांना समजलंच. कान तापले, तशीच मी पुढे गेले, टोक धरलं. इलॅस्टिक या वेळी चांगलं लांबलचक होतं, ठिपका पार दुसऱ्या टोकाशी. मुंगी निघाली. "ताई, मागे जा. अजून. अजून मागे." मी बाकांमधून उलटी चालत मागच्या भिंतीला टेकले. मुलं मोठ्याने हसत होती, तोही हसत होता, आणि आवाज कधी सापडला हे त्याचं त्यालाही कळलं नसेल.

मग आपल्याकडचं टोक त्या मुलीच्या हातात देऊन तो माझ्याकडे पाठ करून फळ्यावर लिहायला लागला. वय लिहिलं. त्याखाली अंतर लिहिलं, साडेसेहेचाळीस अब्ज, ठसठशीत. आणि खडू थांबला.

मी वाट बघत होते. आता मान वळेल, आता विचारेल. "बरोबर आहे, बारक्या," हे माझ्या तोंडात तयार होतं, पन्नास वर्षांत एकदाही न दिलेलं.

त्याने वळून पाहिलंच नाही. त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या, हात झटकला आणि पुढची पायरी मांडायला घेतली.

मला रडू फुटलं. बरं वाटत होतं की वाईट, सांगता येत नव्हतं. इलॅस्टिक दोन्ही हातांनी धरलेलं असल्यामुळे डोळेही पुसता येईनात.