कपड्यांची कबर

सुज्ञ वाचकहो, चिली देशाच्या उत्तरेस, जेथे वाळवंट थेट समुद्रात पाय सोडून बसले आहे, त्या आमच्या पुंता सेका गावी घडलेला एक विलक्षण प्रसंग यथामती निवेदन करीत आहे. आपण तो शांत चित्ताने ऐकावा.

बऱ्याच वर्षांनी एदुविहेस गावी आली. तिची आई हेनोवेवा नुकतीच शहरात निवर्तली होती. अखेरच्या घटकेला लेकीचा हात घट्ट धरून तिने बजावले होते, "तुझ्या बाबांना माझ्याशेजारी आणून ठेव. पेटीतलं सगळं आण. वाळूत काही मागं सोडू नकोस."

एदुविहेस लहान असतानाच तिचे वडील बेलार्मिनो मासेमारीस गेले, ते परतलेच नाहीत. समुद्राने ज्याचा देह परत दिला नाही, त्याचे कपडे मेजावर मांडून, मेणबत्त्या लावून रडायचे आणि पेटीत घालून तेच पुरायचे, ही आमच्याकडील रीत. बेलार्मिनोच्या कबरीतही फक्त कपडेच असणार, म्हणून तिने सोबत एक लहानशी पिशवीच आणली होती.

ती पाहून स्मशानाची देखरेख करणारे वृद्ध नोल्बेर्तो म्हणाले, "बाजाराला निघालीस की काय?"

"एक शर्ट, एक टोपी. त्याला काय ट्रक आणू, काका?"

"राहू दे ना पोरी. निवांत आहे सगळं इथं."

"आईला शब्द दिलाय. फावडं देता, की हातांनी उकरू?"

"अगदी आईवर गेलीयस," म्हातारा पुटपुटला आणि निमूटपणे खणू लागला.

झाकण निघाले. एदुविहेसने आत वाकून पाहिले. बाबांचा निळा शर्ट होता. परंतु त्याच्या बाह्यांतून हाडे बाहेर आली होती. टोपीखाली कवटी होती.

"बाबा सापडले होते? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तो तुझा बाप नव्हे." नोल्बेर्तोंनी डोक्यावरची टोपी काढली. "पुढल्या हिवाळ्यात हा किनाऱ्याला लागला. कुठला, कुणाचा, देव जाणे. चेहरा उरला नव्हता. बेलार्मिनोचा पुढचा दात सोन्याचा, याचे सगळे साधे. तुझी आई म्हणाली, 'माझ्या नवऱ्याच्या कबरीत जागा आहे.' तिनंच याला धुतलं, तिनंच पेटीतला शर्ट चढवला."

"परक्या माणसाला? बाबांचा शर्ट?"

"मीही असाच ओरडलो होतो. तर म्हणते, 'माझा माणूसही कुठंतरी लागला असेल. तिथल्या बाईनं त्याला उघडा ठेवू नये, म्हणून.'"

एदुविहेसला ते रविवार आठवले. लहानपणी दर रविवारी याच वाळूवर ओठ टेकून ती 'बाबा' म्हणत असे, आणि आई शेजारी उभी असे! पेटीतलं सगळं आण. अखेरच्या घटकेला आईने ते जाणूनबुजूनच म्हटले होते.

कितीतरी वेळ ती त्या शर्टाकडे पाहत राहिली. मग तिने पिशवीची घडी घातली.

"काका, गावात मोठी पेटी मिळेल का? या पिशवीत हे मावायचे नाहीत."

येथे हे निवेदन संपले. आपण मन लावून वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
एवारिस्तो अल्कायागा, पुंता सेका