पेटीला शिवलेलं झबलं

मी हवा मोजणारी पेटी. ऐकणारं कुणी भेटलंच आहे, तर सांगून टाकते.

दिसायला बुटाच्या खोक्याएवढी. पोटात छोटा पंप, तोंडाशी पांढऱ्या कागदाची चकती. धंदा सरळ: हवा आत घ्यायची, धूळ चकतीवर ठेवून घ्यायची, हवा परत करायची. मापात पाप नाही.

माझ्या मालकीणबाई दम्याच्या मुलांवर संशोधन करायच्या. गल्लीत त्यांना 'हवावाल्या बाई' म्हणत. त्यांच्या खांद्याला लटकून मी किती घरं हिंडले! एका आजोबांनी मला कान लावून विचारलं, "बाई, बातम्या लागतात का हो यात?"

"लागतात की! पण फक्त तुमच्या घरच्या."

मनात राहिलं ते भिंगरीचं घर. सात वर्षांची पोर. पाय जमिनीवर ठरत नसे म्हणून ते नाव. पण जिना चढली की छाती शिट्टीसारखी वाजायची. आई घरीच शिवणकाम करायची, वडील बस चालवायचे. वडिलांनी ठरवूनच टाकलं होतं, "तीनदा मोजा, बाई. घरात दोष निघाला तर घर सुधारू. नाहीतर या गावची हवाच वाईट. पोरीला मावशीकडे धाडतो, परगावी."

आई दोरा ओवत होती. सुईत दोरा काही जाईना.

बाई सोमवारी मला खुंटीला लावून जायच्या, गुरुवारी संध्याकाळी न्यायला यायच्या. पहिल्यांदा चकती निघाली पांढरी. दुसऱ्यांदाही दुधासारखी. आणि गंमत बघा, बाई दारात आल्या की भिंगरीला हमखास खोकल्याची उबळ.

"तुमचं नि हिचं मागच्या जन्मीचं वैर दिसतंय," वडील म्हणाले. हसू ओठांवरच होतं. कोपऱ्यात एक लहान बॅग काढून ठेवली होती.

मला खरं ठाऊक होतं. पण तोंड असून बोलता कुठे येतं?

तिसऱ्या खेपेला बाईंना दुपारी मीटिंग होती, म्हणून त्या सकाळीच आल्या. दार उघडंच. आई गादी धोपटत होती, कोरडा झाडू नुकताच फिरला होता, भिंगरी खिडकीशी खोकत होती. आणि खुंटीवर मी, झबलं घालून! भिंगरीच्या जुन्या निळ्या फ्रॉकचं, खाली झालर, वर नाडी.

"वहिनी, हे काय?"

आई गोरीमोरी झाली. "परक्याची महागाची वस्तू. धूळ बसली तर तुम्हाला काय तोंड दाखवू? सोमवारी तुमची पाठ वळली की घालते, गुरुवारी झाडझूड झाली की काढते."

"अहो, हिला धूळ खायलाच तर आणलीय!" बाई मटकन खाली बसून हसल्या. मग भिंगरीकडे बघून हसणं थांबलं. "म्हणजे माझ्यासाठी घर चकाचक होतं, आणि ती धूळ ही पोर पिते."

आईच्या हातातली काठी गळून पडली. "मीच धाडत होते की हो तिला मावशीकडे."

झबलं निघालं. पुढचे तीन दिवस मी उघड्या तोंडाने हवा ओढली. चकती निघाली राखेसारखी. इतक्या वाईट मालाचं इतकं स्वागत मी पुन्हा पाहिलं नाही! वडिलांनी ती उजेडात धरून पाहिली आणि बॅग माळ्यावर टाकली. शिवणयंत्र बाहेरच्या खोलीत गेलं, फरशी ओल्या फडक्याने पुसली जाऊ लागली, गाद्या धोपटताना भिंगरी शेजाऱ्यांच्या घरी. औषध चालूच राहिलं. दमा काही पळाला नाही. पण भिंगरी घरी राहिली.

बाईंनी ते झबलं मागून घेतलं. नवा माणूस कामावर आला की आधी ते दाखवायच्या. "यंत्र ठेवाल तिथे आधी सांगा, ते कशासाठी आहे. चूक त्या माउलीची नव्हती, माझी होती."

आता काडेपेटीएवढी यंत्रं आलीत. माझा पंप बंद पडला. मी कपाटावर बसले, झबलं घालून. बाई निवृत्त होताना भिंगरी भेटायला आली, तीन जिने चढून. झालरीवरून बोट फिरवत म्हणाली, "आईचा टाका आहे हा. ती गेल्यावर तिच्या हातचं असं काही उरलं नाही घरात."

"ने मग."

तिने नाडी सोडली, आणि सवयीने आधी गॅलरीत जाऊन झबलं बाहेर झटकलं.

तेव्हापासून मी उघडीच आहे. धूळ बसते. कुणाला पुसावंसं वाटलं तर जरूर पुसा, फक्त फडकं ओलं घ्या. खोलीत कुणाची तरी पोर असेल.