मागच्या खोलीतला आजारी

दार पाळकबाबांनीच उघडलं, आणि उघडताच ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, पोरी. मागच्या खोलीत आजारी माणूस आहे."

एवढं बोलून ते स्वतःच दचकले. ऐंशीच्या घरातला म्हातारा, पन्नास वर्षं व्यासपीठावरून खणखणीत बोललेला, आणि आता चोरी पकडली गेल्यासारखा उंबऱ्यात उभा. "म्हणजे... कोणी नाही तिथे," ते म्हणाले. "ये, आत ये. चहा टाकतो."

नर्सने पिशवी खाली ठेवली. दीड दिवसाचा प्रवास करून ती एकच गोष्ट सांगायला आली होती. वाटभर मनात घोळवूनही ती कशी सांगायची हे तिला उमगलं नव्हतं.

बाप्टिस्ट चर्चच्या मागच्या भिंतीला लागून चार खोल्या, एवढंच ते घर. डोंगरापलीकडच्या मिशनवर जाणारा प्रत्येक जण इथे मुक्काम करूनच पुढे जायचा, कारण पाळकबाबा आणि पाळकीणबाई त्याला तसं जाऊच देत नसत. मागची खोली मिशनऱ्यांची. परीक्षेच्या दिवसांत पोटची मुलगी स्वयंपाकघरात अभ्यास करायची, पण ती खोली दुसऱ्या कोणाला द्यायची नाही म्हणजे नाही. बाबांची सायकल एका शिक्षकाबरोबर गेली, कोट एका डॉक्टरबरोबर गेला, आणि बाईंचं शिलाई मशीन एका नवविवाहित जोडप्याबरोबर. नर्स पहिल्यांदा आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि तिच्या बुटाचा तळ सुटला होता. बाईंनी पायातले बूट काढून तिच्यापुढे ठेवले. "मला काय, घरातल्या घरात तर असते," म्हणाल्या. तो सबंध हिवाळा बाई उपासनेला सपाता घालून गेल्या, हे नर्सला कळलं चार वर्षांनी, तेही तिसऱ्याच माणसाकडून. धड आभार मानायचे कायमचे राहूनच गेले होते.

चहाचा घोट घेऊन तिने सुरुवात केली.

"बाबा, गेल्या वर्षी मी मरता मरता वाचले. पूल वाहून गेला होता. माझी मदतनीस डॉक्टर आणायला लांबच्या वाटेने गेली, आणि दवाखान्यात मी एकटी. नऊ दिवस ताप. त्या तापात मला इथल्या आईंचा हात दिसायचा. मशीनच्या सुईने दुभंगलेलं ते नख माझ्या चांगलं ओळखीचं आहे. चमचा दातांवर लागायचा. मला वाटलं, तापाचा भ्रम. पण मदतनीस परत आली तेव्हा माझ्या अंगाखाली धुतलेली चादर होती. आणि माझ्या दोन वेण्या घातलेल्या होत्या." ती थांबली. "मला हात उचलवत नव्हता, बाबा. मी आईंचे आभार मानायला आले आहे. वेडेपणा वाटेल तुम्हाला."

बाबांनी कप खाली ठेवला. त्यांनी महिना विचारला. तिने सांगितला.

"नऊच दिवस," ते म्हणाले. "ही माझ्याकडे कंगवा मागायची. म्हणायची, पोरीच्या केसांचा नुसता गुंता झालाय."

मागच्या खोलीतून वाटीत चमचा फिरल्याचा आवाज येत होता.

मग बाबांनी सगळं सांगितलं. ते निवृत्त झाले, नवा रस्ता गावाबाहेरून गेला, आणि मिशनरी यायचे बंद झाले. घरात द्यायजोगं काही उरलं नव्हतं. बाई एकदा त्या रिकाम्या पलंगाशी गुडघे टेकून म्हणाल्या होत्या, प्रभू, हात रिकामे झाले, तरी आम्हाला कामातून काढू नकोस. पुढच्याच आठवड्यात त्यांनी खोलीत पाणी न्यायला सुरुवात केली. मुलीने डॉक्टरला दाखवलं. म्हातारपणाचा विसराळूपणा, असं डॉक्टर म्हणाला.

"मीही तेच धरून चाललो. सोयीचं होतं," बाबा म्हणाले. "पण दर वेळी ती खचते गं. तुझ्यानंतर तिला चर्चच्या पायऱ्या चढवेनात. त्याच्यानंतर आणखी कोणीतरी आलं, पाच दिवस. तेव्हापासून जिभेची चव गेली. आज या तिसऱ्याचा चौथा दिवस आहे. जन्मभर मी लोकांना प्रार्थना करायला शिकवलं, आणि आता त्या खोलीत पाऊल टाकायची मला भीती वाटते."

नर्स उठली. ती मागच्या खोलीत गेली.

खोलीत दुपारचं स्वच्छ ऊन होतं. पांढरी चादर, राखाडी पांघरूण, आणि पलंगावर कोणीही नाही. बाई स्टुलावर बसून वाटीतलं सूप भरवत होत्या. चमचा उशीच्या वर हवेत थांबायचा आणि रिकामा होऊन परत यायचा. उशीवर एक थेंबही सांडला नव्हता. उशी मधोमध दबलेली होती.

"आलीस का सिस्टर?" बाई मान न वळवता म्हणाल्या. "बरं झालं. याची नाडी बघ बाई. मला त्यातलं कळत नाही."

तीस वर्षांची सवय. नर्सचा हात विचार करायच्या आधीच पुढे झाला, पांघरुणावर, जिथे मनगट असायला हवं तिथे. बोटांना काही लागलं नाही. फक्त धग लागली, तव्याजवळ हात नेल्यासारखी. आणि त्या धगीत, बोटांच्या टोकांखाली, घाईघाईने काहीतरी टकटकत होतं. तिने घड्याळाकडे बघत ओठांतल्या ओठांत मोजलं. एकशे चौतीस, आणि मधूनच एखादा ठोका चुकत होता.

किंचाळून पळून जावं असं तिला वाटलं. त्याऐवजी ती म्हणाली, "अंगातलं पाणी आटलंय याच्या. सूप बंद करा, आई. मीठ-साखरेचं पाणी लागेल. थोडं थोडं, पण सारखं."

"बघ, म्हणूनच तू हवी होतीस," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून दोघी आळीपाळीने बसू लागल्या. ओला रुमाल कपाळाच्या जागी ठेवला की थोड्या वेळात वाळून कोमट व्हायचा. एकदा नर्सच्या डोळ्यांदेखत पांघरूण गुडघ्याएवढं उंच झालं, चादरीला वळ्या पडल्या आणि उशीतला खळगा भिंतीकडे सरकला. "कुशीवर वळला," बाई समाधानाने म्हणाल्या. नर्सच्या अंगावर काटा आला. कुशीवर वळणं हे चांगलं लक्षण, हेही तिच्या मनात त्याच क्षणी येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आली, आईवडिलांना आपल्या घरी न्यायचं पक्कं करूनच. दारातून तिने पाहिलं, तर नर्स हवेत चमचा धरून बसलेली.

"सिस्टर, तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली. "अहो, आईला समजवायला कोणीतरी शहाणं माणूस आलं म्हणून मी आनंदाने आले."

"ताई, इथे हात ठेवून बघा."

"मी नाही ठेवणार."

"नका ठेवू. पण पाणी संपत आलंय."

मुलगी तिथेच उभी राहिली. चमचा भरला, वर गेला, रिकामा झाला. पुन्हा भरला. मग ती स्वयंपाकघराकडे वळली आणि तिकडून तिचा आवाज आला, "उकळूनच घ्यायचं ना?"

दुपारी नर्सने बाईंचं मनगट धरलं. तिथली नाडी धाग्यासारखी झाली होती. "आई, आता तुम्ही उठा. मी बसते. तुमच्या अंगातलं जातंय हे."

"जाऊ दे की. ठेवून काय करायचंय?" बाई हसल्या. "तुझ्या वेळी मला वाटलं होतं, ही पोर काही राहत नाही. फार हलकी झाली होतीस. उशी दबायचीसुद्धा नाही."

नर्सने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. वाटभर जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "बुटांचंही बोलायचं राहिलं होतं," एवढंच तिला म्हणता आलं. ते दुभंगलेलं नख तिच्या केसांतून हळूहळू फिरत राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाडी ब्याऐंशीवर आली आणि ठोका चुकायचा थांबला. थोड्या वेळाने नर्सच्या बोटांखाली नुसतीच गार चादर उरली. उशी फुगून वर आली. "वाचला बिचारा," असं म्हणत बाई स्टुलावरून उठायला गेल्या, आणि त्यांच्या पायांनी त्यांना उचललं नाही. पुन्हा कधीच उचललं नाही. नर्सने आणि मुलीने त्यांना धरून त्यांच्या पलंगावर निजवलं. त्या दिवसभर झोपल्या.

नर्सने रजा वाढवून घेतली. मुलीने आपल्या घरी नेण्याचा विषय पुन्हा काढला नाही. उलट स्वतःच दर दोन दिवसांनी येऊ लागली.

पाचव्या आठवड्यात एक पत्र आलं. डोंगरापलीकडे विहिरी खणायच्या कामावर असलेल्या एका तरुण मिशनऱ्याचं. तो या घरी कधी आलेला नव्हता. मला अतिसार झाला होता, माझा तंबू सगळ्यांपासून दूर होता, असं त्याने लिहिलं होतं. दोन बायका माझी शुश्रूषा करत होत्या. एक म्हातारी, आणि दुसरी नाडी मोजताना ओठ हलवणारी. म्हातारीला मी पत्ता विचारला, तो तिने सांगितला. असं घर खरंच आहे का, एवढंच कळवा.

मुलीने पत्र मोठ्याने वाचलं. बाईंनी डोळे मिटूनच ऐकलं. "आता नीट जेवतोय का, ते विचार," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

बाबांनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग ते उठले आणि कितीतरी महिन्यांनी मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत पलंगावर धुतलेली चादर ताणून घातलेली होती. ते जाऊन स्टुलाच्या कडेवर बसले, अंग चोरून, कोणाला धक्का लागू नये तसे.

"सिस्टर," त्यांनी हाक मारली. "तिला आता उठता येणार नाही. आणि तू काही कायमची इथे राहणार नाहीस. नाडी कुठे लागते, ते मला दाखव."

नर्सने त्यांच्यासमोर बसून आपलं मनगट पुढे केलं आणि त्यांची तीन बोटं अंगठ्याच्या बाजूला टेकवली.

"जोरात दाबू नका, बाबा. नुसती टेकवून ठेवा."

"लागत नाही काही."

"थांबा जरा. लागेल."

बाबांनी मान खाली घातली. काही क्षणांनी त्यांचे ओठ हलू लागले. एक, दोन, तीन.