पोचा आलेला थर्मास

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मी जुना आहे, माझ्या कडीला तार गुंडाळलेली आहे आणि पोटाला तळहाताएवढा पोचा आहे. पण मी भंगार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण भंगाराच्या कोपऱ्यात मी राहून आलोय.

मी थर्मास आहे, पण चहाचा नव्हे. माझ्यात द्रव नायट्रोजन भरतात. तो इतका थंड असतो की त्याच्यापुढे बर्फही ऊबदार म्हणावा. कारखान्यातल्या वेल्डरनं माझ्या दोन भिंती एकात एक बसवल्या, मधली हवा पंपानं शोषून काढली आणि ती जागा कायमची बंद केली. दोन भिंतींमधल्या त्या पोकळीत माझा सगळा जीव आहे. ती शाबूत असेपर्यंत बाहेरची ऊब आत शिरत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत एक संशोधक आहे. लहानथोर सगळे तिला ताई म्हणतात. ती प्रथिनांचे स्फटिक वाढवते. रोगजंतूच्या प्रथिनाचा आकार नेमका कळला, तर त्याला अडवणारं औषध शोधता येतं. आकार बघायला त्याचा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडावे लागतात. गंमत अशी, की ते किरणच स्फटिकाची नासाडी करतात. गारठवलेला स्फटिक मात्र बराच वेळ तग धरतो, आणि तिथे माझ्यावाचून पान हलत नाही.

गारठवायचं कामही सोपं नसतं. स्फटिकाच्या अंगात पाणीच पाणी. सावकाश गोठवला तर आत बर्फ होतो आणि स्फटिकाचा सत्यानाश होतो. म्हणून ताई त्याला आधी थोडं ग्लिसरीन पाजते, नायलॉनच्या इवल्याशा फासात उचलते आणि पापणी लवायच्या आत माझ्यात बुडवते. पाण्याला बर्फ व्हायला सवडच मिळत नाही. ते काचेसारखं थिजून जातं.

मी नवा होतो तेव्हा पाहुणे आले की प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे मोठे सर, आधी मला दाखवायचे. मग एकदा पायऱ्यांवरून ढकलगाडी सुटली, मी गडगडत खाली गेलो आणि पोचा आला. सरांनी मला तपासलंसुद्धा नाही. लाल चिकटपट्टी लावून भंगाराच्या कोपऱ्यात ठेवलं आणि प्रवासात स्फटिक गार ठेवायला नवी चकचकीत पेटी मागवली. तिला आतल्या तापमानाचा आकडा दाखवणारा पडदा होता. मला राग आला. पोचा बाहेरच्या पत्र्याला होता, आतल्या पोकळीला धक्काही लागला नव्हता. पण विचारतो कोण?

ताईला एका जंतूच्या प्रथिनाचे स्फटिक काही केल्या मिळत नव्हते. तिची आई फोनवर चेष्टा करायची. मीठसुद्धा दोन दिवसांत खडे धरतं, तुझ्या खड्याचं काय घोडं अडलंय, म्हणायची. शेवटी एकच चांगला स्फटिक आला. तसा दुसरा पुन्हा आलाच नाही. दूरच्या क्ष-किरण केंद्रात ताईची पाळी लागली आणि निघायचा दिवस ठरला.

नव्या पेटीची एक रीत असते. तिच्या आत स्पंजासारखं अस्तर असतं. त्यात नायट्रोजन ओतायचा, मुरू द्यायचा, पुन्हा ओतायचा. अस्तर तुडुंब प्यायलं की उरलेला ओतून टाकायचा आणि मग निघायचं. त्या सकाळी ताई गाडी ठरवायला गेली होती. सर घाईत होते. त्यांनी पेटी एकदाच भरली, पांढरा धूर बघितला, पडद्यावरचा आकडा बघितला आणि लगेच पेटी उपडी केली. अरे, धूर निघाला म्हणजे पोट भरलं असं थोडंच असतं? मी कोपऱ्यातून बघत होतो. सरांनी गारठवलेला स्फटिक तिच्यात ठेवला.

ताई परत आली तेव्हा पडद्यावरचा आकडा चढत होता. आणखी थोडा चढला असता तर त्या थिजलेल्या पाण्याचा बर्फ झाला असता आणि तिची सगळी मेहनत पाण्यात गेली असती. तिनं आधी पेटीत भराभर नायट्रोजन ओतून वेळ मारून नेली. पण तो अस्तरात मुरेपर्यंत थांबायचं तर केंद्रातली पाळी हुकत होती. मग ती सरळ माझ्याकडे आली.

सर आडवे आले. म्हणाले, "अगं, त्याला पोचा आहे. वाटेत दगा दिला तर?"

"सर, चिमटे गार करायला कालच भरलाय मी हा. अजून भरलेला आहे. हात लावून बघा, बाहेरून कोरडा आहे. पोकळी गेली असती तर याला कधीच घाम फुटला असता."

सरांनी माझ्या पोच्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "चुकलं माझं. ने."

ताईनं स्फटिक पेटीतून माझ्यात हलवला आणि उघड्या गाडीत मागे बसून मला दोन्ही गुडघ्यांत धरलं. रस्ता खड्ड्यांचा होता. प्रत्येक खड्ड्याला मी मनात म्हणत होतो, आपट हवं तेवढं, मी सोडणार नाही. आणि सोडलं नाही. केंद्रात स्फटिकावर थंड वाऱ्याचा झोत धरून क्ष-किरण सोडले, तेव्हा पडद्यावर काळे ठिपके उमटले, रांगोळीसारखे रेखीव. ताईनं आईला फोन लावला. "आई, खडा टिकला गं," एवढंच ती म्हणाली आणि रडू लागली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

परतल्यावर सरांच्या मनात आलं की आता मला रंग देऊन दाराशी काचेच्या कपाटात ठेवावं. मान म्हणून. मित्रांनो, असला मान मला नको. रिकाम्या थर्मासाला कपाट काय आणि भंगार काय, सारखंच. सुदैवानं ताईचंही तेच मत पडलं. तिनं नखानं लाल चिकटपट्टी खरवडून काढली आणि मला काठोकाठ भरलं.

तेव्हा मला दया दाखवू नका. कुणाचाही पोचा बघून त्याची किंमत ठरवू नका, आधी भरून बघा. मला जपायचं असेल तर उभा ठेवा, वाफ निघून जायला बूच सैल बसवा आणि कामाला लावा. ज्या दिवशी माझ्या अंगाला घाम फुटेल, त्या दिवशी खुशाल भंगारात टाका. आज हात लावून बघा. कोरडा आहे.