गवताच्या खिडकीतला कंदील

मित्रांनो, यॉर्कशरच्या एका खोऱ्यात, कुरणाच्या अगदी मधोमध उभा असलेला मी एक जुना दगडी गोठा आहे. माझ्यापर्यंत रस्ता येत नाही. माझ्याकडे यायचे तर फाटक उघडायचे, मागे लावून घ्यायचे आणि गवत तुडवले जाऊ नये म्हणून एकामागे एक चालत यायचे. इथल्या लहान मुलांनाही हे सांगावे लागत नाही.

मला कोणी बांधले ते आठवत नाही. स्वतःचा जन्म कोणाला आठवतो? पण माझे दगड वरच्या ओढ्यातले असावेत. ओढ्याला पाणी वाढले की माझ्या भिंती अजून कान देऊन ऐकत बसतात.

माझ्या माळ्यावर वाळलेले गवत असे आणि खाली गाई. बाहेर बर्फ साचे, आत गाईंच्या श्वासांची ऊब धरे. गवताला उन्हाळ्याचा वास येई, त्यामुळे भर थंडीतही मला फुलांनी भरलेल्या कुरणाची स्वप्ने पडत.

विल्फ या माझ्या मालकाची बायको डोरीन रोज पहाटे धारा काढायला येई. गवत खाली ढकलायला ती आधी माळ्यावर चढे. तिथे दरीकडच्या भिंतीत एक लहान चौकोनी खिडकी आहे, बाहेरून गवत आत टाकायची. तिच्यात ती कंदील टांगून ठेवी. थोड्या वेळाने दरीपलीकडच्या घरात दिवा लागे. ते विनी नावाच्या शेजारणीचे घर. तो दिवा दिसला की डोरीन गाईंना सांगे, "विनी उठली बरं का." मग चरवीत धार वाजू लागे.

पुढे घराशेजारी मोठी शेड झाली आणि गाई तिकडे गेल्या. गवत काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले जाऊ लागले. उन्हाळ्यात येणारे पाहुणे लांबूनच माझे फोटो काढत, किती छान दिसतो म्हणत. छपराच्या फरश्या निसटत होत्या, ते कोणाला दिसत नव्हते. पण डोरीन आजारी मेंढ्यांना माझ्याकडेच ठेवी, म्हणून कंदील मात्र चालू राहिला.

मग डोरीन गेली. तिचा कंदील खुंटीवर राहिला. आत एक घुबड राहायला आले, एवढीच काय ती सोबत.

विल्फच्याने एकट्याने मेंढ्या सांभाळवेनात. त्याची लेक रूथ मदतीला शहरातून पहाटे गाडी चालवत येई आणि अंधारात परत जाई. गावातली घरे बाहेरच्यांनी सुटीसाठी घेऊन ठेवलेली. तिने माझ्यातच घर करायचे ठरवले. तसे झाले नाही तर मेंढ्या विकायच्या, हे विल्फने तिला सांगून टाकले होते. पण हे खोरे राष्ट्रीय उद्यानात येते. इथे भिंतीत नवी खिडकी काढायची तरी उद्यानाची परवानगी लागते.

शहरातल्या आर्किटेक्टने नकाशा काढला. दरीकडची माझी भिंत पाडून तिथे जमिनीपासून छपरापर्यंत काच. कोणाची हरकत असेल तर कळवा, अशी उद्यानाची पिवळी सूचना फाटकावर लागली. हरकत एकच आली, आणि ती विनीची.

विल्फ माझ्या दारात येऊन बसला आणि खुंटीवरच्या कंदिलाकडे बघत म्हणाला, "तिनं असं का करावं गं, डोरीन?"

विनीला जाऊन विचारणे त्याला जमणारे नव्हते. आमच्या खोऱ्यात कोणी कोणाला तोंडावर काही विचारत नाही. न बोलण्यालाच इथे सभ्यपणा म्हणतात. विनीनेही म्हणूनच जे काही होते ते उद्यानाच्या कार्यालयाला कळवले, विल्फला नाही. त्या दिवसापासून विल्फने दरीपलीकडे बघणे सोडले.

जूनमध्ये उद्यानाच्या समितीची माणसे मला बघायला आली. कुरण फुलले होते. ती न सांगता एकामागे एक चालत आली, तेव्हा विल्फचा चेहरा जरासा निवळला. सगळ्यांच्या मागून विनी काठी टेकत आली आणि तिने फाटक नीट लावून घेतले. विचारल्याशिवाय कोणी बोलायचे नाही असा नियम होता. विल्फ आणि विनी माझ्या दोन कोपऱ्यांना उभे राहिले.

समितीच्या बाईंनी विनीला विचारले की तिच्या घरातून इकडचे काय दिसते.

"काहीच नाही," विनी म्हणाली. "डोरीन होती तोवर पहाटे या खिडकीत कंदील दिसायचा. तो दिसला की मी चहाचं आधण ठेवायची. आता उठावंसंच वाटत नाही."

मग हरकत कशाला, असे बाईंनी विचारले.

"काचेला. अहो, अख्खी भिंत पेटल्यासारखी दिसेल. पोरीला राहू द्या की. पण ती माणूस आहे, टाकीतला मासा नाही. एक दिवा पुरे."

विल्फ नियम विसरला. "मग मला सांगायचं होतंस, विनी."

"तू विचारलंस कधी?"

बाईंनी दोघांना गप्प केले, पण हसत.

काच नकाशातून गेली. मग परवानगी मिळाली, अटींसकट. दरीकडे तीच एक लहान खिडकी, तिच्यात एकच दिवा. गवत थेट भिंतीपर्यंत, बाग नाही. गाडी फाटकाबाहेर. घुबडाची जागा घुबडाला. रूथ म्हणाली, "बाबा, घुबडाला माझ्यापेक्षा मोठी खोली मिळाली."

मित्रांनो, जुन्या भिंतीचे कौतुक लांबून करू नका. जवळ या, छपराची फरशी सरळ करा, आत कोणाला तरी राहू द्या. आणि शेजाऱ्याबद्दल मनात काही असेल तर दरी ओलांडून त्याला विचारा.

पहिल्या हिवाळ्यात एका पहाटे रूथने आईचा कंदील पुसून खिडकीत टांगला. विल्फ कुरणातून चालत आला आणि दारात थांबला. थोड्या वेळाने पलीकडे दिवा लागला.

"विनी उठली बरं का," रूथ म्हणाली.

विल्फने टोपी काढून डोरीनच्या खुंटीवर अडकवली आणि तो आत आला.