भिंतीपलीकडचा विंचू

लताबाईंनी गच्चीवरच्या जुन्या साडीवरून ज्वारीचे शेवटचे वाळलेले बिबडे सोडवले, टोपलीत रचले आणि साडी झटकायला कठड्याशी आल्या. खाली शेजारच्या अंगणात झमकूबाई भिंतीकडे चालल्या होत्या. एका हातात झाकणाचा डबा, दुसऱ्या हातात चिमटा. भिंतीशी जाऊन त्यांनी टाचा उंचावल्या, झाकण काढलं, डबा पलीकडे उपडा केला आणि चिमट्यानं त्याच्या बुडावर टकटक केली. मग हात जोडले.

डब्यातून पडलेला विंचू लताबाईंच्या अंगणातल्या विटांच्या ढिगावर पडला, नांगी वर करून क्षणभर थांबला आणि फटीत शिरला.

लताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाडव्याला पाचोऱ्याहून आलेली त्यांची नात, सहा वर्षांची दीपमाला, याच ढिगापाशी भातुकली खेळत होती. तांबडा विंचू चावला. पोर घामानं भिजली, हातपाय गार पडले, दवाखान्यात दोन दिवस तिच्या उशाशी कुणाचा डोळा लागला नाही. पोर वाचली, पण सुनेनं बजावून सांगितलं, "आई, तुमच्याकडचे विंचू संपेपर्यंत मी तिला पाठवणार नाही." मे महिना निम्मा सरला तरी नातीचं पाऊल घराला लागलं नव्हतं. लताबाईंनी सगळा राग विटांवर काढला होता आणि विटा हलवत नाहीत म्हणून नवऱ्यावर. बिचारे झुलालभाऊ महिनाभर बोलणी खात होते, आणि खरा कारखाना शेजारी चालला होता! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. इथं ते डब्यातून येत होतं.

त्या जिना उतरल्या त्या थेट झमकूबाईंच्या फाटकात. एरवी देवपुरात राहून त्या शहरासारखं बोलत, पण रागावल्या की माहेरची बोली तोंडात येई.

"अक्का, हे काय करी ऱ्हायन्यात तुम्ही? मनी नातले चावना तो इच्चू तुमना व्हता!"

झमकूबाई डबा विसळत होत्या. त्यांचा हात थांबला.

"विटांतून निघाला म्हणत होते सगळे," त्या हळूच म्हणाल्या. "मीपण तेच धरून चालले."

"धरून चाललात? सोयीचं होतं म्हणून धरलंत!"

झमकूबाईंनी मान खाली घातली. "तुमचं घर झालं नव्हतं, तेव्हा पलीकडे सगळं मोकळं होतं. नंतर आमचा अखिल मोटारसायकलवर डबा न्यायचा, लळिंगच्या डोंगराकडे सोडून यायचा. तो सुरतेला गेला. माझे गुडघे भिंतीपर्यंतच नेतात, लताबाई. मारणं तर आमच्या घरात कुणी केलंच नाही. मुंगीसुद्धा नाही."

"मारायचं नाही, पण चावायला आमच्याकडे धाडायचं! पुण्य तुमच्या पदरात आणि विंचू आमच्या पदरात. छान वाटणी आहे."

"तुमच्या घरातलं कुणी रिक्षानं नेऊन सोडेल का? भाडं मी..."

"विंचवाला रिक्षातून फिरवू आता?" लताबाईंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "ऐका. पुढचा निघाला की मला हाक मारायची. मी मारेन. पण तुम्ही समोर उभं राहायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. मारणं काय असतं ते तुम्हीही बघा."

हे त्या तोडून बोलल्या, बोलायचं म्हणूनच बोलल्या. म्हातारीनं रडावं, हात जोडावेत, असं त्यांना आतून वाटत होतं. झमकूबाई यातलं काहीच न करता डबा पुसत राहिल्या.

दुसऱ्याच दिवशी लताबाईंनी ट्रॅक्टर बोलावून विटा उचलायला लावल्या. खालून निघाले तेवढे विंचू चपलेनं ठेचले, प्रत्येकाला शिवी देऊन. अंगण लख्ख झालं. मग त्या हाकेची वाट बघू लागल्या. अगदी सणासारखी वाट बघितली म्हणा ना.

हाक आली ती आठवड्यानं, भरदुपारी.

"लताबाई, या."

अंगणातल्या मोरीशेजारच्या फरशीवर डबा होता. झमकूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. लताबाईंनी पायातली चप्पल काढून हातात घेतली आणि डबा उपडा केला. तांबडाच होता. उन्हानं दिपल्यासारखा जागीच थांबला.

"डोळे उघडे ठेवा, अक्का."

"उघडेच आहेत."

लताबाईंनी हात उगारला. झमकूबाई खरंच बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, डोळ्यांत पाणी भरलं होतं, तरी पापणी लवत नव्हती. विटांखालचे विंचू मारताना लताबाईंना काही वाटलं नव्हतं. आता चप्पल वरच राहिली. त्यांना स्वतःचाच संताप आला. मार ना, त्या मनात म्हणाल्या, दीपमालाचे गार हातपाय आठव आणि मार. विंचू सरकला. नांगी वळली.

तेवढ्यात झमकूबाई पुढे आल्या आणि त्यांनी लताबाईंचं मनगट धरलं.

अडवतेय, लताबाईंना वाटलं. आणि खोटं कशाला बोला, त्यांना बरंच वाटलं. आता पुन्हा भांडता येणार होतं.

पण सुरकुतलेली बोटं घट्ट झाली आणि झमकूबाईंनी तो हात जोर लावून खाली आणला. एकदाच. मग चप्पल तशीच दाबून धरली.

शेवटी त्यांनी मनगट सोडलं. मग झमकूबाईंनी तांब्यानं पाणी घेतलं. लताबाई पुढे झाल्या, तर मानेनंच नको म्हणाल्या आणि फरशी स्वतः धुतली.

"हा डबा, चिमटा तुम्ही घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आता यांचं इथं काही काम नाही."

"अक्का..."

"पोरीला बोलवून घ्या. सुट्टी संपत आली."

लताबाईंकडे आठवडाभर साठवलेलं किती बोलणं होतं! त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं राहिलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि पाचोऱ्याला फोन लावला.

"विंचू संपले का, आई?" सुनेनं विचारलं.

खिडकीतून शेजारच्या दारातला ओटा दिसत होता. झमकूबाई पायरीवर बसल्या होत्या. उजवा हात त्यांनी अंगापासून लांब, गुडघ्यावर उताणा ठेवला होता. दुसऱ्या कुणाचा हात सांभाळायला दिलाय, अशा त्या त्याच्याकडे बघत होत्या.

"आज निघाला होता एक," लताबाई म्हणाल्या. "झमकूअक्कांनी मारला."

"कुणी? झमकूअक्कांनी?" सून खो खो हसली. "काहीपण काय सांगता, आई!"

"हसू नको!" लताबाई एवढ्यांदा ओरडल्या की आतून झुलालभाऊ धावत आले. "हसायचं नाही, सांगून ठेवते. उद्याच्या गाडीनं पोरीला घेऊन ये. आणि आलीस की आधी तिला त्यांच्या पाया पडायला ने."